पाच ताटांची मैनाबाई

मैनाबाई गिरणीच्या पायरीवरून घसरली तेव्हा तिच्या डोक्यावर पिठाचा डबा होता. डबा पडला नाही. उजवा हात मनगटात मोडला, पण डाव्या हातानं तिनं डबा छातीशी घट्ट धरला होता. पायरीवर बसल्या बसल्या ती गिरणीवाल्याला म्हणाली, "आधी झाकण नीट लाव. मग मला उठव."

गिरणीवाल्यानं ही गोष्ट पुढे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली. लोक हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं ते मैनाबाईला कळलं नाही. डब्यात सात किलो ज्वारीचं पीठ होतं. ते रस्त्यावर सांडून मनगट वाचवलं असतं, तर घरी जाऊन तिनं रांधलं काय असतं? मनगट?

हात प्लास्टरमध्ये गेला तीस जानेवारीला. डॉक्टरांनी दीड महिना सांगितला आणि वर दूध, अंडी, फळं खा म्हणून सांगितलं. मैनाबाईनं मान डोलावली. शिकलेल्या माणसाचा पाणउतारा ती सहसा करत नसे.

पेठ नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका बोळात तिच्या दोन खोल्या आणि माणसं पाच. नवरा खंडेराव, मार्केट यार्डात सदतीस वर्षं हमाली करून आता घरी बसलेला. मुलगा दीपक सातपूरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. सून पूजा द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये उभ्यानं पेट्या भरायची. नात आरोही सहावीत. पूजाचा पगार भाड्यात आणि आरोहीच्या शाळेत जायचा. दीपक एक तारखेला आईच्या हातावर साडेचार हजार ठेवायचा. रेशनचा गहू-तांदूळ सोडला तर बाकी सगळं त्यात बसवायचं. तेल, डाळ, ज्वारी, भाजी, चहा-साखर, मीठ-मिरची आणि गॅस.

आणि बसत होतं. आठ वर्षं बसत होतं. कसं, ते घरात कुणी विचारलं नव्हतं. ताट समोर येतं म्हटल्यावर विचारतो कोण?

मैनाबाईचं माहेर विंचूरचं. नऊ वर्षांची असल्यापासून ती कांद्याच्या खळ्यावर निवडायला बसली होती. लहान कांद्याला तिकडे गोल्टी म्हणतात. व्यापारी ती बाजूला काढतो, कारण मोठ्या गिऱ्हाइकाला ती नको असते. चवीला तोच कांदा, भावाला अर्धा. फक्त सोलायला तिप्पट वेळ लागतो. मैनाबाई गेली चाळीस वर्षं गोल्टीच आणत होती. शेजारची सविता सोललेल्या लसणाची पाकिटं आणायची आणि वर महागाईच्या नावानं ओरडायची. मैनाबाई ते ऐकायची आणि नाक मुरडायची. महागाई आहेच. पण आपल्या कंटाळ्याचे पैसे दुकानदाराला मोजून द्यायचे आणि शिव्या सरकारला द्यायच्या, हे तिच्या डोक्यात बसत नव्हतं.

भाजीला ती सकाळी नऊच्या पुढे जायची. तोवर चांगला माल गेलेला असतो आणि भाजीवाल्या बायकांना टोपली रिकामी करून घरी जायची घाई असते. मेथीची पानं भाजीला, कोवळे देठ डाळीत. फ्लॉवरचा दांडा सोलून रश्शात. कोबीचा वरचा पाला बारीक चिरून भाकरीच्या पिठात. तेल पळीनं नाही, औषधाच्या बाटलीबरोबर आलेल्या चमच्यानं. डाळ रात्रीच भिजत घालायची म्हणजे सकाळी दोन शिट्ट्यांत होते. तिच्या हाताखाली सिलिंडर सहा आठवडे चालायचा. सविताचा महिनाही जात नसे.

हात मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, एकतीस तारखेला संध्याकाळी, दीपक आईच्या पलंगाशी येऊन बसला. कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला होता. बराच वेळ तो मोबाइल उलटा-सुलटा करत राहिला.

"आई, मी काय म्हणतो, मार्चपासून आपण चूल वेगळी करू."

"हे डोकं कुणाचं?"

दीपक पूजाकडे बघणार होता, पण त्यानं मोबाइलकडे बघितलं. "तसं नाही गं. हिनं हिशेब काढला. आम्ही तिघं तीन हजारांत बसतो. तुम्हाला दोघांना मी पंधराशे देत जाईन. तुमचं तुम्ही, आमचं आम्ही. कुणाला कुणाचा त्रास नाही."

"सिलिंडरवाला दोन माणसांना अर्धा सिलिंडर देतो का?"

दीपकनं मोबाइल परत उलटा केला.

"बरं, दोन माणसांचं दळण गिरणीत टाकलं की पीठ चाकातच राहतं. हे हिशेबात धरलंय का तुझ्या बायकोनं?"

"आई, सगळ्या बोळात वेगळ्या चुली आहेत," आतून पूजा म्हणाली.

होत्या. मैनाबाईला माहीत होतं. समोरच्या वत्सलाबाईची चूल मुलानं तीन वर्षांपूर्वी वेगळी केली. तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस वत्सलाबाईचा उपवास असतो. कधी सोमवार, कधी चतुर्थी, कधी गुरुवार. कुणी विचारलं की हसून देवाचं नाव सांगते. इतके उपवासाचे देव पंचवटीतसुद्धा नाहीत.

मैनाबाईला उपवास धरायचे नव्हते. पंधराशेतून गॅस गेला की उरतं काय, हे तिला कागद-पेन्सिल न घेता कळत होतं.

ती म्हणाली, "फेब्रुवारी मला दे. तेवढ्याच पैशांत. हात असा असताना. महिना भागला तर वेगळ्या चुलीचं नाव या घरात काढायचं नाही. नाही भागला तर मी स्वतः भांडी वाटून देते."

"भागला तर राहू एकत्र," दीपक लगेच म्हणाला. एवढ्या लगेच म्हणाला, म्हणजे भागणार नाही याची त्याला खात्री होती.

फेब्रुवारी मैनाबाईचा आवडता महिना. दोन दिवस कमी असतात आणि पैसे तेवढेच.

आता रांधणार कोण, हा प्रश्न होता. पूजा सकाळी सातला पॅकहाऊसच्या गाडीत बसायची ती संध्याकाळी सातला उतरायची. खंडेराव मिशीवर हात फिरवून म्हणाला, "मी करतो. त्यात काय?"

"काय करता?"

"सगळं. बाजार, सैपाक. अगं, सदतीस वरीस डाळ-तांदूळ या पाठीवरनं गेलाय. पोत्याला हात लावला की सांगतो, माल नवा का जुना."

"पाठीवरनं गेला. पातेल्यातनं गेला का?"

"तू पड निवांत. लय बोलती."

मैनाबाई पडली. निवांत मात्र नव्हती. पलंगावरून तिला स्वयंपाकघराचा अर्धा ओटा दिसायचा आणि उरलेल्या अर्ध्याचे आवाज यायचे. भांड्याच्या आवाजावरून तिला कळायचं की तेलाची बरणी कलती केली आहे. चमचा हा प्रकार खंडेरावाला मान्य नव्हता. बरणी अशी ओतायचा, जणू यार्डात पाण्याचा टँकर आला आहे.

"अहो, तेल."

"घातलं."

"घातलं ते कळलं. थांबवा आता."

चार तारखेला खंडेराव यार्डातून परतला तो शीळ घालत. खांद्यावर कापडी पिशवी, चांगली पाच-सहा किलोंची. त्यानं ती पलंगावर मैनाबाईच्या पायाशी धाडकन टाकली.

"काय हे?"

"वानगी!"

भुसाराच्या गाळ्यावर पोतं फोडलं की व्यापारी मूठभर माल हातावर घेऊन बघतो. ती मूठ परत पोत्यात जात नाही. बाजूच्या घमेल्यात पडते. तूर, मसूर, मूग, उडीद, हरभरा, सगळ्यांच्या मुठी त्याच एका घमेल्यात. तिला वानगी म्हणतात आणि जुन्या रिवाजानं ती हमालांची. खंडेरावाचा जोडीदार बहिरू अजून तिथं कामाला होता. त्यानं चार दिवसांची वानगी जुन्या दोस्तीखातर देऊन टाकली.

"महिन्याच्या डाळीचा खर्च गेला!" खंडेराव म्हणाला. "आठ वरीस तू दुकानातनं डाळ आणती. मला एकदा तरी विचारलं का?"

मैनाबाईनं डाव्या हातानं पिशवीत मूठ घातली आणि उघडून बघितली. पाच रंग होते. खडे वेगळेच.

"हे असंच शिजवू नका," ती म्हणाली. "आधी वेगळं करावं लागंल. मसूर आणि हरभरा एका घरात नांदत नाय."

"पोटात गेल्यावर सगळी एकच."

"पोटात जायच्या आधी कुकरात जाती ती."

खंडेरावानं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर तो खंडेराव कसला? आणि डाळीचे वाचलेले पैसे खिशात वाजत होतेच. त्या रविवारी त्यानं मटण आणलं. मैनाबाई मुकाट जेवली, कारण ताटात आलेलं टाकायचं नाही हा तिचाच नियम होता. दीपकनं दोनदा वाढून घेतलं. पूजानं बोटं चाटली. आरोही म्हणाली, "आजोबा, तुम्हीच करत जा जेवण."

"बघ!" खंडेराव बायकोला म्हणाला.

"बघते ना," मैनाबाई म्हणाली. "मला दुसरं काय काम हाय?"

ती कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. पहिल्या दिवशी अकरा झाल्या. कुकर उघडला तर मसुराची पेज झालेली आणि हरभऱ्याची डाळ खड्यासारखी. खंडेरावानं परत झाकण लावलं. आणखी सात. दुसऱ्या दिवशी त्यानं चव यावी म्हणून आधीच मीठ आणि दोन टोमॅटो घातले. आंबटात डाळ शिजत नाही हे बोळातल्या शेंबड्या पोरीला माहीत असतं. सदतीस वर्षं डाळ वाहिलेल्या माणसाला माहीत नव्हतं. त्या दिवशी शिट्ट्या एकवीस झाल्या आणि आरोहीचा दात दुखायला लागला.

"अहो, भिजत तरी घाला."

"वानगीतली डाळ कवळी असती. भिजवायला लागत नाय."

"मग ती फुटाण्यासारखी का वाजती दाताखाली?"

"तुझे दात म्हातारे झाले."

सोळा तारखेला सकाळी दहाला गॅस गेला. शेगडी फुस्स करून विझली आणि खंडेराव सिलिंडर हलवत बसला. आडवा केला, उभा केला, बुडाला गरम पाण्याचा फडका गुंडाळला. पाठीवर शंभर किलोचं पोतं तोलणारा माणूस, पण रिकामा सिलिंडर भरलेला आहे असं काही त्याला ठरवता येईना.

वीस जानेवारीला लावलेला सिलिंडर. मैनाबाईच्या हाताखाली त्यानं मार्च बघितला असता. फुकटच्या डाळीनं तो पंधरवड्यात खाल्ला. डाळीचे पैसे मटणात गेले होते. पैशांच्या डब्यात उरलं होतं ते तेल, भाजी आणि ज्वारीला जेमतेम पुरलं असतं. नवा सिलिंडर त्यात कुठूनच येत नव्हता.

संध्याकाळी दीपकला कळलं. तो काही रागावला नाही. उलट त्याचा चेहरा मोकळा झाल्यासारखा दिसला. मैनाबाईला राग चालला असता, हे चाललं नाही.

"जाऊ दे आई. तू तरी काय करणार? मी सिलिंडर आणतो. मार्चपासून मग ठरल्याप्रमाणे करू."

"सोळा तारीख आज. महिना संपला का?"

"अगं, पण गॅस—"

"गॅस यायच्या आधी माणसं कच्चं खात होती का? सिलिंडर आणायचा नाय. जा, हातपाय धू."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं खंडेरावाला उठवलं. "यार्डात जायचं. फळांच्या गाळ्यांमागं सफरचंदाची लाकडी खोकी फेकलेली असत्यात. जमतील तेवढ्या फळ्या आणायच्या. खिळे तिथंच काढायचे, इथं आणून माझ्या दारात टाकायचे नाय."

"मी हमाल होतो. भंगारवाला नव्हतो."

"आता गॅस खाणारा हायेस... हायात. चला, निघा."

चाळीस वर्षांत तिच्या तोंडून नवऱ्याला एकेरी शब्द गेला तो तेवढाच आणि तोही तिनं जागच्या जागी दुरुस्त केला. खंडेराव निघाला.

मागच्या बोळात तीन विटा मांडल्या. पहिल्या धुराबरोबर सविता गच्चीवरून ओरडली, "मैनाबाई, माझ्या कपड्यांना वास लागतोय! कुठल्या जमान्यात राहता?"

"आठला पेटवते, नऊला विझवते. कपडे साडेनऊला घाल वाळत," मैनाबाई म्हणाली. "नायतर खाली ये, भाकरी थाप. मग पेटवायची वेळ तू ठरव."

सविता खाली आली नाही. कपडे मात्र त्या दिवसापासून साडेनऊला वाळत पडायला लागले.

मग डाळीचा निकाल लावायचा होता. पिशवीत अजून साडेतीन किलो शिल्लक होती. पाखडायला दोन हात लागतात. मैनाबाईनं सूप खंडेरावाच्या हातात दिलं. त्यानं पोतं झटकावं तसं झटकलं आणि अर्धा पाव डाळ बोळात उडाली. मैनाबाईनं त्याला ती एक एक करून वेचायला लावली. गुडघ्यावर बसून. बोळातल्या बायका जाता-येता बघत होत्या.

"हमालांच्या मुकादमानं बघितलं तर काय म्हणंल?" खंडेराव पुटपुटला.

"म्हणंल, सदतीस वरसांत पहिल्यांदा कामाचं काम करतोय."

सूप बाजूला ठेवलं. घरात तीन चाळण्या होत्या. सगळ्यात मोठ्या भोकांची वर धरायची म्हणजे हरभरा वर राहतो. मधलीत तूर राहते. खाली पडतात ते मसूर, मूग आणि उडीद. "त्यांना राहू द्या एकत्र. ते मवाळ असत्यात." मग परातीत पसरून खडे. खंडेरावाची बोटं केळ्यांएवढी, खड्याबरोबर चार डाळी उचलायची. मैनाबाई डाव्या हातानं त्याच्या शेजारी बसून निवडत होती आणि तरीही तिचा ढीग त्याच्या दुप्पट होत होता. ती ते बोलून दाखवत होती. दर दहा मिनिटांनी.

हरभरा रात्रीच भिजत. तूर पहाटे. बारीक डाळ अजिबात नाही. विस्तवावर आधी हरभरा, मग तूर, उकळी फुटली की शेवटी बारीक. मीठ शेवटी, टोमॅटो त्याच्याही शेवटी. चार फळ्यांत डाळ झाली. पाचवीवर भाकरी.

भाकरी हा मात्र खंडेरावाचा पराभव होता. मैनाबाईनं पाणी किती ते सांगितलं, मळायचं कसं ते सांगितलं, थापताना हात कुठं वळवायचा तेही डाव्या हातानं हवेत करून दाखवलं. भाकरी मधे जाड आणि कडेला फाटलेली झाली.

"गटारावर झाकण म्हणून बसंल एवढी जाड हाय," ती म्हणाली.

"खायची तर खा."

"खाती. पीठ माझं हाय."

पूजा संध्याकाळी यायची तेव्हा चूल परत पेटलेली असायची आणि धुरानं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मैनाबाईनं तिलाही सोडलं नाही. दर दिवशी एक काम. मेथीच्या चार जुड्या निवडून झोपायचं. गोल्टी सोलून ठेवायची, पन्नास तरी. मंगळवारी पहाटे सहाला गिरणी, कारण पहिलं दळण आपलं असलं की दुसऱ्याचं पीठ आपल्यात येत नाही आणि आपलं दुसऱ्यात जात नाही.

"आई, मी आठ तास उभी असते," पूजा म्हणाली.

"मग बसून सोल. तुला उभं राहा कोण म्हणतंय?"

"रेडिमेड पीठ मिळतं हो. किलोमागे दहा-बाराच रुपये जास्त."

"तुझ्या तीन हजारांत ते धरलंय ना?"

पूजानं कांद्याची सालं जरा जोरात टाकली.

एकवीस तारखेला आरोही पोटमाळ्यावर जुनं दप्तर शोधायला चढली आणि खाली वाकून म्हणाली, "आजी, इथे नवीन शेगडी आहे. गोणपाटाखाली."

नवीन नव्हती. एका बर्नरची, कुणाची तरी वापरलेली. दीपकनं कारखान्यातल्या कुणाकडून तरी सातशेला घेतली होती, हे त्या रात्रीच्या जेवणात निघालं. कधी घेतली, तर सतरा तारखेला. ज्या दिवशी बाप यार्डात खिळे उपटत होता, त्या दिवशी.

दीपक ताटात बघत म्हणाला, "स्वस्तात मिळत होती. पुढे लागलीच असती."

सातशे रुपये म्हणजे जवळजवळ सिलिंडर. मैनाबाईला वाईट वाटलं ते पैशाचं नव्हे. पोरानं शब्द दिला होता, भागलं तर एकत्र राहू. भागतं की नाही हे बघायलासुद्धा तो थांबला नव्हता. तिनं भाकरी मोडली. ती त्या दिवशी जरा कमी जाड होती, हे तिच्या लक्षात आलं.

पुढचा आठवडा तिनं खंडेरावाला औताला जुंपल्यासारखा राबवला. तेलाच्या बरणीला हात लावायचा नाही, चमचा ती घालणार. चहा दिवसातून दोनदा, तिसरा मागितला तर पाणी. हरभऱ्याचा कोवळा पाला बाजारात उतरणीला लागला होता, तो वाळवून ठेवायचा. गोल्टी संपत आली तेव्हा कांद्याच्या पातीवर दोन दिवस काढले. चोवीस तारखेला खंडेरावाचा पाय मुरगळला. ती म्हणाली, "बसून करायची कामं शिल्लक हायेत." बसून त्यानं डाळ निवडली. खडे आता एकटे निघत होते, डाळ परातीतच राहत होती.

अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी पाच ताटं मांडली गेली. डाळ, कोबीची भाजी, भात, भाकरी. तेलाच्या बरणीत बोटभर तेल होतं, डब्यात दोन वेळचं पीठ, पिशवीच्या तळाशी ओंजळभर हरभरा. भाजी-तेलाचे पैसे मोजून संपले होते. कमी पडले नव्हते.

जेवणं झाली. कुणी उठेना. दीपक घसा खाकरून म्हणाला, "भागलं, आई. खरंच भागलं." मग ताट पुढे सरकवून, "पण हे असं विटांवर... किती दिवस? आता शेगडी आणलीच आहे, तर मला वाटतं वेगळं झालेलंच बरं."

खंडेरावानं मान वर केली. मैनाबाई बोलणार, एवढ्यात पूजा म्हणाली, "कोण करणार?"

"काय कोण करणार?"

"वेगळ्या चुलीचं. तुम्ही करणार? सकाळी सहाला गिरणीत तुम्ही जाणार? ते एवढे एवढे कांदे तुम्ही सोलणार? डाळ भिजत घालणार रात्री?"

"अगं, तूच तर हिशेब काढला होतास. तीन हजारांत बसतो म्हणून."

"तो दुकानातले भाव धरून काढला होता. त्यात बसतं, सगळं तयार आणलं नाही तर. आणि तयार आणलं नाही तर माझी पाठ जाते." तिनं ताटं गोळा करायला सुरुवात केली. "बारा तासांनी घरी येते, गरम ताट समोर येतं. ते सोडून मी एका बर्नरपुढं उभी राहू? द्या ती शेगडी परत ज्याची त्याला."

"तो परत घेणार नाही."

"मग विका. आणि सिलिंडर भरा."

दीपक बायकोकडे बघत राहिला. एका महिन्यात दोन बायकांनी दोन बाजूंनी आपल्याला घुमवलं, एवढंच त्याला कळलं.

मैनाबाईला सगळं कळलं. घर एकत्र राहिलं ते कुणाच्या मायेनं नाही, सुनेच्या कंटाळ्यानं. सासू-सासऱ्यांची काळजी यात तोळाभर नव्हती. कांदे सोलायला नको म्हणून पूजानं म्हाताऱ्यांना ठेवून घेतलं. मैनाबाईला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. कंटाळा तर कंटाळा. वत्सलाबाईच्या सुनेला तेवढाही नव्हता.

"राहा एकत्र," ती म्हणाली. "पण एक ऐका. हा हात बरा झाला तरी मी एकटी राबणार नाय. आठ वरीस तुम्ही जेवलात आणि उठलात. आता भाकरी हे करतील."

"कायमच्या?" खंडेराव दचकला.

"मेलात की सुटाल. दीपक, रविवारी बाजार तुझा. नऊच्या आधी गेलास तर भाजी परत करायला लावीन. आणि पूजा, निवडणं तुझं."

"मी आत्ताच सांगितलं ना, पाठ—"

"ऐकलं मी. म्हणून निवडणं दिलं, बसून करायचं काम हाय. दुसरं पाहिजे का? गिरणी देऊ?"

पूजानं ताटं मोरीत ठेवली, हात पुसले आणि पिशवीतला उरलेला हरभरा परातीत ओतून पलंगाशेजारी खाली बसली. आरोहीही तिच्या शेजारी येऊन बसली. दीपक पोटमाळ्याची शिडी लावायला उठला.

पूजानं भराभरा बोटं फिरवली आणि परात सासूपुढं सरकवली. "झालं."

मैनाबाईनं डाव्या हाताचं एक बोट परातीत फिरवलं. तीन खडे काढून सुनेच्या तळहातावर ठेवले.

"परत कर," ती म्हणाली.